शोभेचा तलाव आणि दुर्लक्षित भिंत

२३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूर शहरावर चारएक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून भरभरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठावरील अंबाझरी ले-आउट, शंकरनगर यांसारख्या प्रतिष्ठित वस्त्यांतील माणसे झोपेतून जागी झाली, तेव्हा घरांत पाणी शिरलेले होते. बचावासाठी लष्कराला आणि आपत्ती प्रतिसाद दलांना पाचारण करावे लागले. किमान चार जणांचे प्राण गेले आणि हजारो कुटुंबांच्या संसाराची हानी झाली. तलावाची मातीची भिंत त्या रात्री टिकली, हे शहराचे भाग्यच म्हटले पाहिजे. ती फुटली असती तर मृतांचा आकडा चारावर थांबला नसता.

अशा प्रसंगानंतर पावसाला दोष देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. पाऊस असाधारण होता, हे खरेच आहे. परंतु असाधारण पावसासाठीच सांडवा बांधलेला असतो. साधारण पावसासाठी त्याची फारशी गरज नसते. म्हणून प्रश्न पावसाचा राहत नाही, तर त्या तलावाकडे आणि त्याच्या भिंतीकडे आपण मधल्या काळात कोणत्या नजरेने पाहत आलो, याचा होतो. पुरानंतर रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल केली. सांडव्याजवळ उभारलेल्या स्वामी विवेकानंद स्मारकामुळे पाण्याच्या वाटेत अडथळा आला, हा तिच्यातील एक प्रमुख आक्षेप होता. पुरानंतरच्या उपाययोजनांच्या चर्चेत सांडव्याला दरवाजे बसविण्याचा विषयही पुढे आला. या वादाचा तांत्रिक निर्णय तज्ज्ञांनी आणि न्यायालयाने करावयाचा आहे. मात्र सांडव्याच्या परिसराकडे स्मारकासाठी योग्य अशी रमणीय जागा म्हणून पाहिले गेले, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

काम बदलले, भिंत तीच

अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधला गेला. त्या काळी नागपूरकरांच्या घरातील पाणी त्या भिंतीवर अवलंबून होते. पुढे शहर वाढले, पाण्याचे दूरचे आणि मोठे स्रोत हाती आले, तलावाचे पाणी दूषित झाले आणि पिण्यासाठी त्याचा उपयोग थांबला. दरम्यान १९५८ मध्ये तलावाला लागून उद्यान झाले. सायंकाळी फिरावयास जाण्याचे, मुलांना खेळविण्याचे, सूर्यास्त पाहण्याचे ते ठिकाण बनले. मुंबईच्या पवई तलावाची कथाही याच वळणाची आहे. १८९१ मध्ये तो पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. लवकरच त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि तो मासे गळाला लावणाऱ्या हौशी मंडळींचा व सहलीला येणाऱ्यांचा तलाव झाला. महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांजवळ असा एखादा तलाव आढळतो. तो संस्थानिकांनी, नगरपालिकेने किंवा दुष्काळी कामाच्या निमित्ताने सरकारने बांधलेला असतो. आज त्याचे पाणी कोणी पीत नाही, पण त्याच्या काठावर सर्वजण जातात.

या स्थित्यंतरात वाईट असे काही नाही. शहराला मोकळी हवा आणि पाण्याचा काठ हवाच असतो, आणि ज्याला सुटीच्या दिवशी दूरचे पर्यटन परवडत नाही त्या कारकुनाला व विद्यार्थ्याला तर तो अधिकच हवा असतो. परंतु काम बदलले तशी एक गोष्ट नकळत घडली. पाणीपुरवठा खात्याला भिंतीकडे पाहावेच लागत असे, कारण भिंत गेली तर दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडत. उद्यान खात्याची नजर मात्र पाण्याच्या पृष्ठभागावर आणि काठावरच्या हिरवळीवर असते. भिंतीची मालकी कागदोपत्री कोणाची तरी राहते. तिच्याविषयीची रोजची आस्था मात्र कोणाच्याच कामाचा भाग राहत नाही. अर्थसंकल्पात कारंज्यासाठी शीर्षक असते, दिव्यांच्या रोषणाईसाठी असते, पण भिंतीवरची झुडपे काढण्यासाठी नसते. धरणाचे पहिले काम संपले तरी त्याच्यामागचे पाणी तेवढेच असते, आणि त्या पाण्याचा भारही तेवढाच असतो, याचा हळूहळू विसर पडतो.

मातीच्या भिंतीचा स्वभाव

मातीचे धरण ही तशी साधी रचना आहे. मध्ये पाणी सहसा झिरपू न देणाऱ्या चिकण मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम-मातीचे कवच, पाण्याच्या बाजूस लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर, पाणी सोडण्यासाठी पोटातून जाणारी मोरी, आणि पुराचे जास्तीचे पाणी भिंतीला बाजूस ठेवून सोडून देणारा सांडवा, असे तिचे ढोबळ स्वरूप असते. ती स्वस्त पडते आणि स्थानिक माती व मजूर यांवर उभी राहते. म्हणूनच महाराष्ट्रातील बहुसंख्य धरणे मातीची आहेत.

तिचा स्वभाव मात्र दगडी भिंतीहून वेगळा आहे. दगडी बंधाऱ्याच्या डोक्यावरून पाणी वाहिले तरी तो सहसा टिकतो. लोणावळ्याच्या भुशी धरणावर पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यात बसण्याचा आनंद हजारो लोक घेतात, तो यामुळेच शक्य होतो. मातीच्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते मागच्या उतारावरची माती कापत जाते आणि काही तासांत भिंत उरत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू धरणाचा दगडी सांडवा जागेवर राहिला. वाहून गेले ते त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध, आणि त्यांच्याबरोबर मोरवी शहर. दुसरा धोका आतून येतो. भिंतीतून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे. ते स्वच्छ असेल तर फारसे भय नसते, पण ते गढूळ येऊ लागले की पाण्याबरोबर भिंतीच्या पोटातील माती बाहेर पडत आहे, असे समजावे लागते. उंदीर-घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, वाळलेल्या झाडांच्या कुजलेल्या मुळांनी मागे ठेवलेल्या पोकळ्या, मोरीच्या बांधकामाला लागून राहिलेल्या फटी या सर्व त्या पाण्याच्या वाटा होतात. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याला बुडविणारे पानशेत धरणही मातीचेच होते, आणि तेथे भिंत खचली ती मोरीच्या जागी.

आता तलाव रमणीय करण्याच्या नेहमीच्या उपायांकडे या दृष्टीने पाहावे. नौकाविहारासाठी तलाव काठोकाठ भरलेला हवा असतो. भिंतीच्या सुरक्षिततेसाठी पावसाळ्यात पाण्याची पातळी आणि भिंतीचा माथा यांत पुरेसे अंतर हवे असते. सावलीसाठी भिंतीवर झाडे हवीशी वाटतात. धरण-अभियंत्याला तेथे गवताखेरीज काही नको असते. अंबाझरीच्या भिंतीवरील झाडांचाही प्रश्न निघाला होताच, आणि वृक्षप्रेमींना अभियंत्यांचे म्हणणे निर्दयपणाचे वाटावे हेही समजण्यासारखे आहे. फिरणाऱ्यांसाठी माथ्यावर रस्ता आणि बाके हवी असतात. त्यासाठी माथा खोदला वा उतरविला जातो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर जाळी लावण्याचा मोह होतो. यांतील एकही इच्छा दुष्ट नाही. मात्र यांतील प्रत्येक इच्छा सुरक्षिततेच्या सीमारेषेतून थोडेथोडे काहीतरी उचलून घेते, आणि ते कोणाच्या हिशेबात नोंदले जात नाही.

एका क्लबाचा तलाव

या सर्व इच्छा एकाच ठिकाणी एकत्र आल्या की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने आपल्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरविण्यासाठी साउथ फोर्क या ठिकाणी मातीचे धरण बांधले. १८५३ मध्ये ते पूर्ण झाले, तोवर आगगाडी आली होती आणि कालव्याचे महत्त्व संपत आले होते. धरण रेल्वे कंपनीकडे गेले, १८६२ मध्ये ते अंशतः फुटले आणि तसेच पडून राहिले. १८७५ मध्ये ज्या गृहस्थाने ते विकत घेतले, त्याने पोटातील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. नंतर १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांनी मासेमारी व शिकारीसाठी स्थापन केलेल्या क्लबाने ती जागा घेतली. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती या क्लबाचे सभासद झाले.

क्लबाने भिंतीला पडलेले भगदाड माती, झाडपाला आणि लीद भरून बुजविले. नळ पुन्हा बसविले नाहीत, त्यामुळे पातळी उतरविण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून तो दोन-तीन फूट उतरविला. महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या लावल्या. चौदा मैल खाली जॉन्सटाउन हे पोलाद-कामगारांचे गाव होते. तेथील कारखान्याने १८८० मध्ये आपला अभियंता पाठवून धरणाची पाहणी करविली. त्याने गळतीकडे आणि नळांच्या अभावाकडे लक्ष वेधले. कारखान्याने दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली. क्लबाने खालच्या लोकांना कसलाही धोका नाही, असे उत्तर धाडले.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. पाण्याबरोबर आलेल्या काटक्या-ओंडक्यांनी जाळ्या तुंबल्या. मजुरांनी नवा सांडवा खोदण्याचा आणि जाळ्या मोकळ्या करण्याचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. दुपारी तीननंतर भिंत गेली आणि सुमारे तासाभरात पाणी जॉन्सटाउनवर आदळले. २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. नुकसानभरपाईचे दावे झाले, पण क्लबाला वा त्याच्या सभासदांना कोणत्याही न्यायालयाने जबाबदार धरले नाही.

साउथ फोर्कचे धरण त्या काळाच्या मानाने मोठे होते, आणि गोष्ट फार जुनी आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे, लहान उदाहरण पाहावे. जॉर्जिया राज्यातील केली बार्न्स हे जेमतेम चाळीस फूट उंचीचे धरण होते. १८९९ च्या मूळ बांधावर पुढे मातीची भर पडत गेली. १९५७ पर्यंत त्यावर वीज तयार होत असे. नंतर ते केवळ रमणीय तलाव म्हणून उरले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारात ३९ जण बुडून मेले. धरणांच्या तपासणीचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९७२ मध्येच संमत झाला होता, पण तपासणीसाठी पुरेसा पैसा दिला गेला नव्हता. या दुर्घटनेनंतर अध्यक्ष कार्टर यांनी तपासणीचा आदेश दिला. सुमारे नऊ हजार धरणे तपासली गेली तेव्हा त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश असुरक्षित आढळली. ती धोकादायक होतीच; तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

लाभ वर, धोका खाली

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सर्व प्रकारात एक परिचित रचना दिसते. लाभ घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा असला, की बाजाराचा वा खात्याचा नेहमीचा हिशेब चुकतो. प्रा. पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथात या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली, आणि कारखान्याचा धूर हे तिचे पाठ्यपुस्तकी उदाहरण झाले. धरणाच्या बाबतीत तर ही विभागणी भूगोलच करून देतो. तलावाचा आनंद भिंतीच्या वरच्या बाजूला असतो आणि धोका खालच्या बाजूला. वर प्रवेशशुल्क देणारा पर्यटक, नौकांचा ठेकेदार, उपाहारगृहाचा मालक आणि काठावरच्या इमारतीतील महागडी सदनिका घेणारा असतो. खाली ओढ्याकाठची वस्ती असते. तिला तलावापासून काही मिळत नाही आणि तिचे मत कोणी विचारीत नाही. देखभालीवर न केलेला खर्च ही वास्तविक बचत नसते. ती खालच्या वस्तीकडून तिच्या नकळत घेतलेली उचल असते, आणि तिची परतफेड बहुधा त्या वस्तीलाच करावी लागते.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या छोट्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले. त्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात १८६८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने तत्त्व सांगितले, की जो आपल्या जमिनीवर निसटल्यास अपाय करील अशी वस्तू साठवितो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठवावी. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार नुकसान झालेल्यावर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात, घातक उद्योगांच्या संदर्भात, हे तत्त्व आणखी कडक केले आणि पळवाटा बंद केल्या. म्हणजे जबाबदारीच्या तत्त्वाची उणीव नाही. उणीव आहे ती दुर्घटनेपूर्वी त्या तत्त्वाला अर्थसंकल्पात जागा देण्याची.

खेकड्यांचा धडा

शहरी तलावांना निदान पाहणारे डोळे असतात. ग्रामीण भागातील लहान मातीच्या धरणांची अवस्था आणखी बिकट आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि मृतांचा आकडा वीसच्या घरात गेला. ते धरण काही शंभर वर्षांचे नव्हते. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्या वेळचे जलसंधारण मंत्री यांनी खेकड्यांनी भिंत पोखरली असे कारण दिले, तेव्हा महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली.

त्या टिंगलीत एक महत्त्वाचा मुद्दा हरवला. प्राण्यांची बिळे मातीच्या भिंतीला घातक ठरू शकतात, हे धरणशास्त्रात सर्वमान्य आहे. परंतु खेकडे एका रात्रीत भिंत पोखरीत नाहीत. त्यांना बराच काळ लागतो, आणि त्या काळात भिंतीवरून चालत जाऊन बिळे पाहणे, बुजविणे आणि गळतीचे पाणी गढूळ आहे की स्वच्छ हे रोज नोंदविणे, यासाठीच देखभालीची यंत्रणा असते. तेव्हा खेकड्यांचे कारण पुढे करणे हा बचाव ठरत नाही. यंत्रणेविरुद्ध एवढा स्पष्ट कबुलीजबाब क्वचितच कोणी दिला असेल.

१९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या आणि अन्य योजनांतून महाराष्ट्रात असंख्य पाझर तलाव व लघुसिंचन तलाव झाले. लाखो हातांना त्यांनी काम दिले आणि विहिरींना पाणी दिले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यांपैकी काही जिल्हा परिषदेकडे, काही जलसंधारण विभागाकडे, तर काही जलसंपदा विभागाकडे, अशी त्यांची वाटणी झालेली आहे. बांधण्याच्या वेळी उद्घाटनाची कोनशिला बसते; दरवर्षी झुडपे तोडण्याला कोनशिला नसते. म्हणून नव्या कामाला पैसा मिळतो आणि जुन्या कामाला पत्रव्यवहार मिळतो.

यावर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा हे उत्तर आहे, असे कोणी सांगेल. तो कायदा स्वागतार्ह आहेच. त्याने राष्ट्रीय प्राधिकरण आणि राज्यांच्या सुरक्षा संघटना यांची चौकट दिली. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा या गोष्टी धरणाच्या मालकावर बंधनकारक केल्या. कामात अडथळा आणल्याने किंवा दिलेले निर्देश पाळण्यास नकार दिल्याने प्राणहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. परंतु तो सर्व धरणांना लागू नाही. पंधरा मीटरहून उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा महापुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण झाली, तरच येतात. दहा मीटरच्या आतले धरण, त्याच्या पायथ्याशी पूर्ण गाव वसलेले असले तरी, या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. उंची हा धरणाचा गुण आहे. धोका मात्र धरण आणि खालची वस्ती या दोहोंचा मिळून ठरतो. ओसाड माळावरचे पंधरा मीटरचे धरण आणि शाळेच्या मागचे नऊ मीटरचे धरण यांत अधिक काळजी कोणाची घ्यावी, हे सांगण्यास अभियंता लागत नाही.

बंदी हे उत्तर नव्हे

तर मग तलावांवर लोकांना जाऊच देऊ नये काय? दुर्घटनेनंतर प्रशासनाला पहिला उपाय हाच सुचतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ जमावबंदीचे व प्रवेशबंदीचे आदेश निघाले. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नौका उलटून आठ जण बुडाले, तेव्हाही काही काळ कडक पहाऱ्याची भाषा ऐकू आली. अशा बंदीचा परिणाम पावसाळा संपेपर्यंतही टिकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय पोलीस काठावर उभा राहून माणसांना हटवितो, पण भिंतीतील गळती हटवीत नाही. पाण्यात बुडणाऱ्या पर्यटकाची सुरक्षितता आणि भिंतीखाली राहणाऱ्या नागरिकाची सुरक्षितता हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचा गाजावाजा होतो आणि दुसरा त्याच्या आड लपतो.

प्रस्तुत लेखकाचे मत याच्या उलट आहे. लोकांचा वावर हा अशा धरणाचा शत्रू नसून, योग्य रीतीने योजल्यास मित्र ठरू शकतो. जेथे रोज शंभर माणसे फिरावयास येतात तेथे भिंतीवरची नवी भेग, पायथ्याशी आलेली ओल, सांडव्यात पडलेला राडारोडा कोणाच्या तरी दृष्टीस पडतोच. त्याची दखल घेणारा अधिकारी कोण, हे मात्र तेथे लिहिलेले नसते. दुसरे असे की, विहार करणारा माणूस काहीतरी पैसे देतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या धरण पुनर्वसन प्रकल्पाच्या पुढील टप्प्यात, निवडक धरणांवर आनुषंगिक उत्पन्न मिळवून देखभालीचा खर्च भागविण्याचा मार्ग शोधावा, असे उद्दिष्टच ठेवले आहे. तो प्रकल्प मोठ्या धरणांचा आहे. ही कल्पना खरी शोभेल ती लहान तलावांना, कारण त्यांच्या देखभालीला लागणारी रक्कम लहान असते. अडचण रकमेची नसून ती नियमाने आणि वेळेवर मिळण्याची असते.

या दृष्टीने काही गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. ज्या तलावावर प्रवेशशुल्क, नौकाविहार, मासेमारी वा उपाहारगृह यांतून उत्पन्न होते, तेथे त्याचा ठरावीक हिस्सा प्रथम भिंतीच्या खात्यात जमा व्हावा आणि उरलेला अन्य सुशोभीकरणास मिळावा. सांडवा आणि त्याच्या खालचा प्रवाहमार्ग येथे कोणतेही बांधकाम होऊ नये, मग ते कितीही पूज्य व्यक्तीचे स्मारक असो. महापुरुषांचा मान राखण्यास शहरात दुसरी जागा निश्चित मिळू शकते. पावसाळ्यात पाण्याची पातळी किती असावी, हे नौकांच्या ठेकेदाराने नव्हे तर अभियंत्याने ठरवावे आणि ती खूण भिंतीवर सर्वांना दिसेल अशी रंगवावी. लहान धरणांचे वर्गीकरण उंचीवर न थांबता खालच्या वस्तीवरून व्हावे. त्यासाठी केंद्राच्या कायद्याची वाट न पाहता राज्यसरकारला पुढाकार घेता येईल. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये तिच्या जोडीला दिली, तर पावसाळ्यापूर्वीची पाहणी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग होऊ शकेल.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक तलावावर एक फलक असावा. त्यावर आज बहुधा उद्घाटकाचे नाव आणि फुले न तोडण्याची सूचना असते. त्याऐवजी धरणाची मालकी कोणाकडे, देखभालीचा अधिकारी कोण, मागील तपासणी कोणत्या तारखेस झाली, तीत कोणते दोष आढळले आणि त्यांपैकी कोणते दूर झाले, एवढे मजकूर असावेत. हाच फलक खालच्या वस्तीतही, ग्रामपंचायतीच्या वा प्रभाग कार्यालयाच्या दारात, लावला जावा, आणि पाणी आलेच तर ते कोठवर येईल व कोणत्या उंचवट्यावर जावे हे नकाशाने दाखविले जावे. यास फार मोठा खर्च येत नाही. तो येतो तो फलकावर तारीख लिहिण्याइतकी तपासणी करण्याला.

शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, नोकरदारांनी यात काय करावे, असा प्रश्न विचारला जाईल. आपण सर्वजण सुटीच्या दिवशी अशा तलावांवर जातोच. जाताना पाण्याकडे पाहावे, तसे एकदा भिंतीच्या मागच्या उतारावरही उतरून पाहावे. तेथे झाडी माजली आहे काय, ओल आहे काय, पाणी गढूळ आहे काय, हे पाहण्यास पदवी लागत नाही. काही आढळले तर तारीख घालून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तिवरेच्या ग्रामस्थांनी तक्रारी केल्या होत्या, तरी भिंत गेलीच, हे खरे आहे. पण त्या तक्रारींमुळेच पुढे कोणाला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता आले नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धरण कोणाच्या निगराणीखाली आहे, हा प्रश्न जेथे विचारला जाईल, तेथे तलावाची शोभा आणि खालच्या वस्तीची झोप या दोन्ही गोष्टी एकत्र नांदण्याची शक्यता आहे. जेथे तो विचारला जाणार नाही, तेथे त्याचे उत्तर पाऊसच देईल.